पडलेली उडी धरत नाही

माझ्या पायाचं हाड मोडलं नसतं तर मी त्या दिवशी पंच झाले नसते, पाण्यात असते. आम्हा सगळ्यांत सर्वांत वर कोण उडतं, एवढंच पाहायचं होतं. पवना धरणाच्या पाण्यावर उन्हाळ्यात आम्ही काही जण काइटसर्फिंग करतो. पायाखाली आखूड फळी, कमरेला पट्टा, आणि वर हवेत मोठा पतंग, त्याला सगळे काइटच म्हणतात. वारा त्याला ओढतो आणि तो आपल्याला. ओढ नेमकी साधली की माणूस पाण्यावरून उचलला जातो. दुमजली घराच्या गच्चीइतकं वर जाऊन परत खाली येणं, ही उडी.

मी कामशेतच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. माहेर परंदवडीचं. वडील सोमाटण्याजवळच्या कारखान्यात कामाला होते. आमच्या घरात पोहता येणारीही मी पहिलीच. मला या नादाला लावलं ते माझ्या मैत्रिणीनं. तळेगावच्या कॉलेजात आम्ही शेजारी बसायचो. ती बागायतदारांची मुलगी, आणि लग्नानंतर पवनेच्या काठावर जमीन असलेल्या घरात गेली. कॉलेजात ती पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आली तेव्हा आईनं तिला पाटावर बसवून वेगळं वाढायला घेतलं. ही उठली, माझ्या ताटाशी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, मला हिच्याच ताटात वाढा, धुवायला एक भांडं कमी." आई त्यानंतर कितीतरी दिवस ते शेजारणींना सांगत होती.

सासरच्या जमिनीवर तिनं नवऱ्याबरोबर तंबूंचा कॅम्प सुरू केला. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवणारा एक प्रशिक्षक तिथे एक जुना काइट घेऊन आला आणि तिनं मला फोन केला, "अगं, ये, मरायचं असेल तर दोघी मरू." तेव्हापासून दर मेच्या सुट्टीत आम्ही पाण्यावर. दुपारी दोननंतर तुंग किल्ल्याच्या बाजूनं वारा सुटतो, चारला भरात येतो आणि सूर्य कलला की मावळतो. तेवढ्या वेळासाठी मी वर्षभर वह्या तपासते, असं ती म्हणायची.

त्या एप्रिलच्या शेवटी मी वाजवीपेक्षा मोठ्या वाऱ्यात वाजवीपेक्षा मोठी उडी मारली. वर गेले तेव्हा खाली काठ स्वच्छ दिसला, त्यावरच्या म्हशीही दिसल्या. मग उतरताना काइट मागे राहिला आणि मी दगडासारखी पाण्यावर आपटले. फळी पायातच अडकलेली, घोटा तिच्यावर पिळला. मला बाहेर ओढलं ते तिनंच. तिच्याच गाडीत मागच्या सीटवर आडवी पडून मी तळेगावला गेले. प्लास्टर होईपर्यंत ती बाहेर बाकावर ओल्या कपड्यांत बसून होती.

प्लास्टर घालून घरी बसलेली असताना ती एका दुपारी आली. म्हणाली, आपण आपापसात उड्यांची स्पर्धा घेऊ. बक्षीस वगैरे काही नाही, सगळ्यांनी मिळून जेवायचं. "आणि पंच तू. तू पाण्यात नाहीस, आणि तुझ्याबद्दल कुणी तोंड उघडणार नाही."

मी हरखले. घरात बसून वैतागले होते. त्या दुपारी आणि पुढचे दोन दिवस आम्ही दोघींनी बसून नियम ठरवले. खरं तर मी ठरवले आणि तिनं लिहून घेतले.

उडी डोळ्यांनी मोजणं किती फसवं असतं हे मला ठाऊक होतं. जवळून गेलेला माणूस उंच वाटतो, लांबचा बुटका. शिवाय जो ओरडत उडतो त्याला अर्धा मीटर जास्तच मिळतो. हवेत किती सेकंद राहिला यावरूनही उंची काढता येत नाही, कारण काइट माणसाला तोलून धरतो, सुटलेल्या दगडासारखा तो पडत नाही. मग मी दहावीचे समरूप त्रिकोण काढले. पाण्यात पंचाच्या जागेपासून साठ मीटरवर नारिंगी कॅन एका रांगेत बांधायचे. सगळ्यांनी त्या रांगेच्या आसपासच उडायचं. पंचाच्या डोळ्यापासून सहा मीटरवर एक बांबू रोवायचा, त्याच्यावर दहा-दहा सेंटिमीटरचे पांढरे-लाल पट्टे. बांबूवरचा एक पट्टा म्हणजे तिकडे एक मीटर. फळी सर्वांत वर असताना कितव्या पट्ट्याशी दिसली ते लिहायचं. शंका आली तर मागे फोनवर चित्रण चालू असेलच.

प्रत्येकाला तीन उड्या, त्यातल्या दोन चांगल्या धरायच्या. उंचीला गुण, हवेत ताबा किती होता त्याला गुण. आणि एक नियम मी स्वतः, तिच्या हातातून पेन घेऊन लिहिला: फळीवर उभं राहून दहा हात पुढं गेल्याशिवाय उडी पुरी झाली नाही. पडलात तर ती उडी बाद, कितीही उंच असो.

"फारच कडक नाही का?" तिनं विचारलं.

मी प्लास्टरकडे बोट दाखवलं. "हा लोभ कुणाला धरू द्यायचा नाही. खाली नीट येता येत असेल तरच वर जा."

तिनं कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

स्पर्धेच्या दिवशी सात जण होते. चार पुण्याच्या ऑफिसांतले, कामशेतचा तो प्रशिक्षक, माझी मैत्रीण, आणि कार्ल्याचा एक गडी. याच्याबद्दल सांगायला हवं. हायवेलगत भावाबरोबर त्याचं पंक्चरचं दुकान. काइटच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असते, ती फाटली की दुरुस्त करायला पूर्वी पार मुंबईला पाठवावी लागायची. एकदा मैत्रिणीनं वैतागून ती याच्याकडे नेली. यानं पाण्याच्या टबात बुडवून भोक शोधलं, ठिगळ लावलं, आणि "ह्ये कशाचं हाय?" म्हणून विचारलं. पुढच्या रविवारी काइट कसा उडतो ते बघायला तो स्वतः आला. दोन वर्षांत आम्हा सगळ्यांपेक्षा उंच उडायला लागला. पस्तिशीचा, अंगानं सडपातळ, दोन मुलींचा बाप.

मला दोघांनी उचलून पाण्यात घुसलेल्या एका खडकावर नेऊन बसवलं. डोक्यावर छत्री, समोर बांबू, मांडीवर तक्ता. तिथून कॅम्पचा काठ दीडेकशे पावलांवर. उडणारे सगळे काठावर गोलात उभे होते आणि मैत्रीण कागद हातात घेऊन नियम सांगत होती. वाऱ्यामुळे मला एक शब्दही ऐकू येत नव्हता. ती हात वर करून दाखवत होती, सगळे हसत होते. मला बरं वाटलं. माझे नियम ती किती छान समजावते आहे, असं मनात आलं.

मग उड्या सुरू झाल्या आणि मला काही कळेना. सगळे जण पिसाटल्यासारखे उडत होते. पुण्याचा एक जण चार पट्टे वर गेला आणि पाठीवर पडला. दुसरा फळी सोडूनच पाण्यात. कार्ल्याचा गडी आला. दुरून येताना काइट हळूच मागे, मग एकदम डोक्यावर, आणि तो सुटला. पाच, सहा, सात. सातव्या पट्ट्यापर्यंत मी माणूस कधी पाहिला नव्हता. माझ्याच तोंडून आवाज निघाला. आणि तिथून तो खाली येताना पाय वर न घेता, फळी न सांभाळता, नुसता पडला, पाण्याचा फवारा उडाला. मी सात लिहिलं आणि पुढे फुली मारली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी दमला होता, तीन पट्टे गेला, नीट उतरला.

"आज सगळ्यांना झालंय तरी काय?" मी स्वतःशीच म्हटलं.

मैत्रीण शेवटी आली. चार पट्टे, गुडघे मऊ, फळी पाण्यावर जशी टेकली तशी सरळ पुढे. दुसऱ्यांदा चार. तिसऱ्यांदा साडेतीन, आणि उतरताना तिनं एक हात सोडून मला दाखवला. माझा ऊर भरून आला. एवढ्या सगळ्यांत माझं ऐकणारी ही एकटीच, असं वाटलं. तिच्या नावापुढं मी गुण लिहिले आणि शेजारी, पंचानं लिहू नये तरी, बारीक अक्षरात 'छान' लिहिलं.

बेरीज सरळ होती. ती पहिली, प्रशिक्षक दुसरा. कार्ल्याचा सहावा. मी तक्त्याखाली सही केली आणि तिनं तो वाचून दाखवला. टाळ्या पडल्या, पण थोड्या. पन्ह्याचे ग्लास फिरायला लागले. काठावर परत आणल्यावर मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते तेव्हा कार्ल्याचा गडी जवळ आला. अंग ओलं, पट्टा अजून कमरेला.

"मॅडम, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा की, भाऊ."

"माझी पयली उडी किती भरली?"

"सात मीटर. तुमच्याइतकं वर आज कुणीच गेलं नाही."

"मग मी सहावा कसा?"

"अहो, पडलात ना तुम्ही. पडलेली उडी धरत नाही."

त्यानं कमरेचा पट्टा सोडला. मग हळू म्हणाला, "न्हाई मॅडम. पडल्यालं चालंल म्हनल्या ताई. निस्ती उंची बगनार, खाली कसं बी या, असं म्हनल्या. म्हनून तर आमी सोडून दिलं अंग."

"कुठल्या ताई?"

त्यानं मानेनंच दाखवलं. ती काठावर दोरी गुंडाळत उभी होती.

मला वाटलं, याचा ऐकण्यात घोटाळा झाला असेल. मी प्रशिक्षकाला हाक मारून विचारलं. तो सहज म्हणाला, "हो, उंचीवरच आहे म्हणाली. मी आपला सवयीनं सावरून उतरलो. निकाल ऐकून वाटलं, तुम्ही दोघींनी ऐन वेळी बदललं असेल. तुमचं दोघींचंच ठरलेलं असतं ना सगळं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. तेवढ्यात सगळे पन्हं पितापिता माझ्याकडे कसे पाहत होते ते माझ्या लक्षात आलं. टाळ्या थोड्या का पडल्या तेही.

मी तिला हाक मारली. ती हसतच आली.

"तू यांना पडलेली उडी धरणार म्हणून सांगितलंस?"

"छे गं. वाऱ्यात नीट ऐकू गेलं नसेल कुणाला."

"सहाही जणांना?"

"आता सोड ना. मजेची स्पर्धा आहे. काय बक्षीस लागलंय का कुणाला?" तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवायचं बघायला निघून गेली. कोंबडीचा रस्सा होता, तांदळाची भाकरी होती. मी जेवले. कसं जेवले ते आठवत नाही. तिच्याच गाडीतून घरी आले, कारण दुसरी सोय नव्हती, आणि पूर्ण रस्ताभर ती पुढच्या वर्षी कॅन कुठं बांधायचे यावर बोलत होती. मी तिच्या बाजूनं कारणं शोधत होते. घाईत वाचलं असेल. कागदाची घडी उलगडलीच नसेल. मला खरोखर असं वाटावं असं वाटत होतं.

आठवड्यानं मला एक फोन आला. दक्षिणेकडच्या समुद्रकिनाऱ्यावर काइट शिकवणारी एक शाळा आहे, तिथून एक बाई हिंदीत बोलत होत्या. तुम्ही मुख्य पंच ना, तक्त्यावर तुमची सही आहे, एवढं पडताळायचं होतं. त्या शाळेनं महाराष्ट्रातल्या एका हौशी खेळाडूला पावसाळ्यानंतर महिनाभर मोफत शिकवायचं ठरवलं होतं. अट एकच: स्थानिक स्पर्धेत पहिला आलेला असावा, आणि पंच स्पर्धकांपैकी नसावा. मैत्रिणीचा अर्ज दोन महिन्यांपूर्वीच गेला होता, माझा पाय मोडण्याच्याही आधी. त्यात पंचाची जागा तेवढी रिकामी होती.

मी म्हटलं, थोड्या वेळानं फोन करते. मग कितीतरी वेळ फोन मांडीवर घेऊन बसले. आई आतून म्हणाली, "कोन होतं गं?" मी म्हटलं, "शाळेतलं." तेही एका अर्थी खरंच होतं.

त्याच दुपारी रिक्षा करून, कुबडी घेऊन मी कॅम्पवर गेले. ती तंबूंच्या दोऱ्या ताणत होती. मला बघितल्यावर तिनं हातातला खुंटा खाली ठेवला. तिला कळलं होतं.

"फोन आला का?"

"आला."

"मी सांगणार होते तुला. जायच्या आधी."

"कागद तुझ्या हातात होता," मी म्हटलं. "मी लिहिलेलं वाक्य होतं त्यात. माझा पाय मोडला म्हणून लिहिलेलं."

तिनं खुंटा परत उचलला. म्हणाली, "मी काय खोटे आकडे लिहिले? आकडे तुझेच आहेत. तू बघितलंस, तू लिहिलंस. मी पडले नाही. तो पडला."

"तू पाडलंस त्याला."

"अगं, इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या दोऱ्या सोडवते," तिचा आवाज चढला. "पुण्याहून येतात, उडतात, जातात. मी त्यांचं जेवण, गाद्या, संडास बघते आणि राहिलेल्या वाऱ्यात मी. सासूबाई म्हणतात, आता पुरे, चाळिशी आली. मला एकदा, एक महिना फक्त शिकायचं होतं गं. उंचीत मी त्याला कधीच गाठणार नव्हते. तुला दिसलं नाही का ते?"

दिसलं होतं. दर उन्हाळ्यात दिसत होतं. ती हे आधी बोलली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित नियम तिच्या सोयीचे केले असते आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवले असते. तसं तर ती जिंकलीही असती. तिनं तसं विचारलं नाही, कारण तिला मदतीला मी नको होते. कुणी शंका घेणार नाही असं माणूस हवं होतं.

"मग मीच का?" मी विचारलं. "दुसरा कुणीही पंच मिळाला असता."

"तुझी सही असली की कुणी विचारत नाही," ती म्हणाली. हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू माझं कौतुकच करत होती.

मी रिक्षात बसले. तिनं कुबडी आत ठेवली, प्लास्टरला धक्का लागू नये म्हणून दार हळू लावलं. कोथुर्ण्याच्या पुढे गेल्यावर मला रडू आलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "पाय लय ठनकतोय का, मावशी?" मी व्हय म्हटलं.

संध्याकाळी मी त्या शाळेला फोन केला. जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. आकडे माझे आहेत आणि बरोबर आहेत, पण उडणाऱ्यांना नियम वेगळे सांगितले गेले, म्हणून मी माझी सही मागे घेते. सर्वांत उंच कोण गेलं तेही सांगितलं. मग सातही जणांना एकच मेसेज पाठवला, मूळ नियमांच्या फोटोसकट. कागद तिच्याकडेच होता. माझ्या वहीत त्यांचं कच्चं टिपण उरलं होतं, त्याचा तो फोटो. शेवटी लिहिलं की समोर उभं राहून नियम मीच वाचायला हवे होते, ती माझी चूक.

पुण्याच्या एकानं अंगठा पाठवला. प्रशिक्षकानं 'जाऊ द्या, मॅडम' लिहिलं. तिनं मेसेज पाहिला आणि काहीच लिहिलं नाही.

त्या शाळेनं भानगड नको म्हणून ती जागा दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाला तरी दिली. तिनं मला फोन केला तो एवढंच सांगायला: "आता आपल्याकडचं कुणीच गेलं नाही. झालं तुझं समाधान?" आणि ठेवला. मला समाधान झालं नव्हतं. नव्यानं फसवल्यासारखं वाटत होतं, आणि या वेळी कुणी फसवलं तेही कळत नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर मी कार्ल्याला त्याच्या दुकानी गेले. तो ट्रकचं टायर उघडत होता. मी म्हटलं, भाऊ, तुमची जागा गेली. त्यानं हात पुसले, स्टूल पुढं केलं.

"मी काय जानार व्हतो मॅडम? एक म्हैना दुकान कुनी बगायचं? बायको हितंच मारंल." मग जरा थांबून म्हणाला, "पर सात मीटर म्हनलात ना तुमी? त्ये खरं ना?"

"ते खरं."

"मग बास."

त्याला बास होतं. मला नव्हतं, आणि त्याचा मला जरा रागच आला. त्यानं चहा मागवला. त्याची धाकटी शाळेतून आली तर तिला म्हणाला, "ह्या मॅडमनी मोजलंय मला." मी तिला समरूप त्रिकोण समजावून सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले. सहामाही परीक्षेला मी वर्गात पहिल्यांदाच पेपर दोन-दोनदा तपासले, कुणी कुणाचं बघून लिहिलंय का म्हणून. कुणीच काही केलेलं नव्हतं. मुलांना वाटलं मॅडम आजारी आहेत.

आई तिची आठवण काढायची. एकदा मला म्हणाली, "तुज्या ताटात जेवली व्हती ती." मी म्हटलं, "हो."

या मेमध्ये कामशेतच्या बाजारात, तांदळाच्या दुकानात, ती पुढ्यात आली. दोघीही इंद्रायणी घ्यायला. तिचे हात उन्हानं रापलेले, मनगटावर दोरीचा ताजा वळ. मला बघून तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दुकानदार तांदूळ मापत होता, तोवर आम्ही शेजारी उभ्या होतो.

"उद्या वारा आहे म्हणतात," ती म्हणाली. "येणार का?"

"पेपर तपासायचेत."

मेच्या सुट्टीत कसले पेपर, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिनं मान हलवली, पिशवी उचलली आणि स्टेशनकडच्या गर्दीत गेली. दुकानदारानं मला विचारलं, "किती देऊ, बाई?" आणि मला पटकन आठवेना.